चुण्या की ठिगळ

माझा साडू पँटचं माप द्यायला उभा राहिला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी गुडघ्यावर बसलेलो, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि हा आरशात स्वतःला न्याहाळत उभा.

"आसनात जरा ढिली ठेवा हं, साडूभाऊ," तो म्हणाला. "जागा लागते."

टाचण्या तोंडात होत्या म्हणून बरं. पडद्यामागे माझी बायको काज-बटणांना बसली होती, तिनं ऐकलं असणारच. साडू म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. लोकांना गाडी चालवायला शिकवतो, आणि शिकवतानाचा तो वरचा सूर घरीदारी कुठेच खाली येत नाही.

मी त्याच्यावर जळतो. का, तेही सांगतो, लाजायचं वय आता गेलं.

पन्नाशी ओलांडली आणि नको त्या जागी मला एक कडक गाठ आली. ताठर होताना सगळा कारभार एका बाजूला वाकायला लागला. आधी दुखायचं, मग दुखणं थांबलं आणि वाक तेवढा राहिला. बायकोजवळ जाणं अवघड झालं. डॉक्टर म्हणाले, आतलं आवरण एका बाजूनं आखडलंय, आणि उपाय दोन आहेत. लांब बाजूला टाके घालून चुण्या पाडायच्या, म्हणजे सरळ होतं, पण थोडी लांबी जाते. नाहीतर आखडलेल्या जागी चीर देऊन जोड लावायचा.

"म्हणजे ठिगळ?" मी विचारलं.

"तसंच समजा."

त्यापुढे डॉक्टर बरंच काही समजावत होते, पण माझे कान तिथेच मिटले. माझे वडील ठिगळाचं काम आणणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचे. मी त्यांच्या हाताखाली शिकलेला, आणि माझ्याच अंगाला ठिगळ? मी म्हणालो, चुण्या घाला.

ऑपरेशन झक्क झालं. अगदी सुतासारखा सरळ झालो. पण आखूड. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं, शिंप्याच्या नजरेतून मात्र काही सुटत नाही.

त्यावर कडी म्हणजे वर्षभरात साडूलाही तेच दुखणं. दोघी बहिणींनी आपसात बोलून त्याला माझ्याच डॉक्टरकडे धाडलं. या गड्यानं बिनदिक्कत ठिगळ लावून घेतलं, आणि हिंडू-फिरू लागल्यावर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आपलं माप होतं तेवढंच राहिलंय बरं का."

तेव्हापासून त्यानं माझं डोकं खाल्लंय. जेवताना तो हसला की वाटायचं, मलाच हसतोय. अंथरुणात बायकोनं हात पुढे केला की हा डोळ्यांपुढे उभा राहायचा आणि मी कूस बदलायचो. असं बरेचदा झाल्यावर तिनं हात पुढे करणं सोडलं. त्यालाही आता वर्षं झाली.

त्या दिवशी साडू गेला आणि मी तडक पडद्याआड गेलो.

"उद्या डॉक्टरांकडे जातोय," मी म्हणालो. "चुण्या उसवून जोड लावून घेणार."

बायकोनं शर्टवरची नजर काढली नाही. "कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? मघाशी तो काय म्हणाला ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. दाजींचा तो रुबाब तुमच्या दुकानापुरता. घरी काही होत नाही त्यांचं."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. जोड लावल्यावर थोडे दिवस बरं होतं, मग हळूहळू सगळं थंडावलं. गोळ्या झाल्या, तो पंप झाला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणे, जोडात तो धोका जास्त असतो. तुम्हालाही सांगितलं असेल की."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. उकळ्याच फुटल्या. त्याचं माप तेवढंच आहे आणि उपयोग शून्य, या विचारानं मी तिथल्या तिथे दोन बोटं उंच झालो. मग एकदम राग आला.

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"ताईनं शपथ घातली होती. मोडली आज, काय करता." तिनं दातांनी दोरा तोडला. "ताई मला काय म्हणते माहितीय? तुझं बरं आहे गं, तुझा नवरा धडधाकट. जळते ती माझ्यावर. सख्खी बहीण माझी, आणि माझ्याशी धड बोलत नाही आताशा."

"मग तू काय म्हणतेस?"

"काय म्हणू? लाजल्यासारखं करते." तिचा आवाज चिरकला. "तिला काय सांगू, माझ्या नवऱ्याचं सगळं ठीक आहे, फक्त तो माझ्याकडे पाठ करून तुझ्या नवऱ्याचा विचार करत झोपतो?"

आनंद कुठल्या कुठे गेला. मी तिच्या शेजारी बसलो आणि तिच्या मांडीवरचा शर्ट बाजूला ठेवायला हात पुढे केला.

तिनं तो सोडला नाही. "दोन बटणं राहिलीत," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाठ करून बसली.