थडग्यावर सांगायचं कारण

गारिकायला जाऊन वर्ष झालं होतं आणि आज त्याचा आत्मा घरी आणायचा होता. त्याच्या आईनं, नेत्सायनं, सात दिवस राबून नाचणीची बिअर गाळली होती. ती थडग्यावर ओतायची, पण त्याआधी घरच्या वडीलधाऱ्यानं पूर्वजांना सांगायचं की पोरगा कसा मेला, कशासाठी मेला. तिथं खोटं बोललं तर आत्म्याला घरची वाट सापडत नाही, रानात भटकत राहतो.

आता कारणं म्हणाल तर सरकारनं ती भरपूर पुरवली होती. फौज कांगोत लढायला निघाली, गारिकायही तिच्यात होता, तेव्हा रेडिओ म्हणाला, शेजाऱ्याच्या घरात चोर शिरलाय. खिळे ठोकून बंद केलेली त्याची शवपेटी आली तेव्हा सोबतचे लष्करी साहेब म्हणाले, लहान देशांच्या स्वातंत्र्यासाठी. पुढं थंडीत कळलं की तिथल्या हिऱ्यांनी आपलंच भलं होणार आहे. इकडं गुटूच्या मुलखात हिरा सोडा, मीठसुद्धा धड येत नव्हतं.

आणि आज सकाळी सरकारी पक्षाचे इथले चेअरमन चिवाशा नवा कागद घेऊन थडग्याशी हजर. "शांततेसाठी गेला, असं म्हणा. वरून तसंच आलंय."

"गारिकायची आई, चारातलं एक सांगून मोकळे होऊ," थोरले दीर वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात बिअर घेत म्हणाले. "पूर्वज काय रेडिओ ऐकतात?"

तेवढ्यात मातियासी पुढं आला. तो या घराण्याचा साहविरा, म्हणजे पिढीजात मित्र. मयताच्या घरी थट्टा करायचा त्याचा हक्कच, त्याला कुणी रागवायचं नसतं. मेलेल्याचा लष्करी कोट चढवून त्यानं सलाम ठोकला.

"साहेब, शिपाई गारिकाय हजर! निघालो तेव्हा चोर पकडणार होतो. मेल्यावर कळलं, देश सोडवत होतो. पुरल्यावर कळलं, हिरे खणत होतो. आज म्हणताय शांतता करत होतो. पुढच्या वर्षी काय करत असेन ते आत्ताच सांगून ठेवा की! इथं खाली रेडिओ लागत नाही."

माणसं पोट धरून हसली. चिवाशांनाही दात दाखवावे लागले.

नेत्साय हसली नाही. निघताना पोरानं चुलीपाशी विचारलं होतं, "आई, आपण कशाला जायचं गं तिकडं?" आणि तिनं रेडिओचंच सांगितलं होतं. "शेजारी हाक मारतोय, जायला नको?" तिच्या शब्दावर तो उठून गेला होता. ही सल तिला वर्षभर झोपू देत नव्हती.

दिरांनी पूर्वजांना सांगायला तोंड उघडलं तसा तिनं त्यांच्या हातातला भोपळा काढून घेतला.

"गारिकाय, मी तुला खोटं सांगितलं रे, खरं समजून. आता पुन्हा सांगणार नाही. तुला कशासाठी मारलं ते मला माहीत नाही. ज्यांनी धाडलं त्यांच्या घरी आधी जा. दारात उभा राहून विचार. खरं सांगेपर्यंत हलू नकोस. मग घरी ये, मी पुन्हा बिअर गाळीन."

"अगं, वेड लागलं का तुला?" दीर ओरडले. "आलेल्या पोराला माघारी धाडतेस?"

चिवाशांचा चेहरा उतरला होता. "आई, माझं घर तेवढं वगळा. मी नुसता कागद वाचतो हो."

"मी कुणाचं नाव घेतलं नाही," ती म्हणाली. "त्याचा तो शोधेल."

भरलेला भोपळा न ओतता तसाच घेऊन ती घरी आली. आज त्याचा आत्मा येणार म्हणून अंथरलेली चटई तिनं स्वतःच्या हातानं गुंडाळली, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.