कातालिनचा पत्ता

हॉल गच्च भरला होता. नेवाडातल्या रीनो या कॅसिनोंच्या शहरात, फोर्थ स्ट्रीटवर, फर्निचरच्या दुकानामागचा तो हॉल. एरवी तिथे लग्नाच्या पार्ट्या व्हायच्या. त्या वर्षी मात्र रविवारी दुपारी, चर्च सुटल्यावर, माणसं मांडीवर आपापल्या मेलेल्यांचे फोटो घेऊन तिथे बसू लागली होती.

"मरण म्हणजे काय, मंडळी?" लायल प्रुइट स्टेजवर येरझाऱ्या घालत विचारत होता. पांढरा कोट, चांदीचं बक्कल, तुपात घोळलेला आवाज. "पलीकडच्या खोलीत जाणं, बस! दार लागलंय, पण भिंत पातळ आहे. ऐकायला कान हवेत, कान! देवानं ते मला दिले. मलाच का दिले, कोण जाणे. मी तर कॅन्ससमध्ये ट्रॅक्टर विकणारा साधा माणूस."

कान त्याचे मोठे होते, एवढं खरं.

त्यानं ओडेगार्डबाईंना वर बोलावलं. त्यांची मुलगी सॉल्वेग गाडीच्या अपघातात गेली होती. "हा पत्त्यांचा कॅट घ्या, मावशी. पिसा. मन भरेपर्यंत पिसा. आता एक पत्ता काढा. तुम्ही बघू नका, मला दाखवू नका. छातीशी धरा. आता लेकीला मनातल्या मनात हाक मारा."

उरलेला कॅट त्यानं स्वतःकडे घेतला. "हे बाकीचे पत्ते तिच्या वाटेत उभे आहेत. यांना निरोप देऊ या." मग तोंडानं प्रार्थना पुटपुटत त्यानं एकेक पत्ता सरासर टेबलावर उताणा टाकला. शेवटचा पत्ता पडला. त्यानं डोळे मिटले, मान कलती केली.

"ती म्हणतेय… मोठं. 'मोठं पान आहे गं, आई.'"

बाईंनी पत्ता उलटला. राणी! हॉलमध्ये हुंदका फुटला. ओडेगार्डबाई तो पत्ता मुलीच्या गालासारखा कुरवाळत राहिल्या.

पुढचा नंबर माझ्या वडिलांचा होता.

माझे वडील, गानिश एचार्ट, तरुणपणी पिरेनीजच्या डोंगरातल्या बास्क मुलखातून नेवाडात मेंढ्या राखायला आले. उन्हाळेच्या उन्हाळे माळावर काढले. सोबतीला कुत्रा आणि खेचर. त्यामुळे बोलायची सवयच नव्हती; आमच्या घरात बोलायचं खातं अमाकडे, म्हणजे माझ्या आईकडे, कातालिनकडे. ती गेली आणि घरात नुसता फ्रीज घरघरत राहिला. मी शाळेत गणित शिकवायची. शनिवारी त्यांना बास्क बोर्डिंग हाऊसमध्ये जेवायला न्यायची. लांब टेबलावर शेजारचे लोक मटणाच्या रश्शावरून एकमेकांची टिंगल करायचे आणि हे पावाचे तुकडे करत बसायचे.

लायलच्या हॉलमध्ये जायला लागल्यापासून ते दाढी करू लागले. तीच तर पंचाईत होती; ते सावरत होते आणि मला त्यांना अडवायचं होतं.

कारण प्रकरण हॉलपुरतं उरलं नव्हतं. लायल त्यांना कॅसिनोत न्यायचा. हे ब्लॅकजॅकच्या, म्हणजे पत्त्यांच्या जुगाराच्या, टेबलाशी बसायचे, लायल मागे सोड्याचा ग्लास घेऊन उभा. मध्येच तो खांद्यावर हात ठेवायचा. म्हणजे कातालिन बोलली! मग वडिलांनी भरपूर पैसे लावायचे. जिंकले तर अर्धे 'सेवाकार्याला'. हरले तर, "तुमच्या मनात शंका आली, काका. ती दुखावली."

"आइता," मी एका शनिवारी वडिलांना म्हटलं, "अमाला पत्त्यांचा तिटकारा होता. मेल्यावर जुगार खेळायला लागली का ती?"

"तुझी गणितं तुझ्यापाशी ठेव, ग्रासी."

"मी एवढंच विचारतेय…"

"घर विकतोय मी," ते म्हणाले. "लायलबरोबर लास व्हेगासला जातोय. तिकडे भिंत आणखी पातळ आहे म्हणे."

घर अमानं रंगवलेलं. तिचा स्वयंपाकाचा एप्रन अजून दारामागे लटकत होता.

दुसऱ्या दिवशी मी हॉलमध्ये उठून उभी राहिले. लायलनं नुकतंच कुणाला तरी "मोठं" सांगितलं होतं आणि पत्ता राजा निघाला होता.

"बदामचा राजा की इस्पिकचा, हे का नाही सांगत तुमचे मृतात्मे?"

लायल गोड हसला. "बाई, तिकडे चष्मे नाहीत हो मिळत!"

सगळा हॉल हसला. वडीलही हसले. मी खाली बसले, पण प्रश्न डोक्यातून जाईना. मोठं, मधलं, लहान. गेलेली माणसं एवढे तीनच शब्द का बोलतात? आणि त्याला जर ऐकू येतं, तर बाकीचे पत्ते बघायची गरज काय?

घरी येऊन कॅट पुढ्यात घेतला. आमच्या गावात पोरासोरांनाही माहीत असतं, की ब्लॅकजॅकला पत्ते मोजणारे लोक असतात आणि कॅसिनोवाले त्यांना ओळखून बाहेर काढतात. कसं मोजतात ते मी शोधून काढलं आणि हात बसेपर्यंत सराव केला. मग वडिलांच्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांना एक पत्ता काढायला लावला. बाकीचे पत्ते सरासर टाकले.

"लहान," मी म्हटलं.

त्यांनी पत्ता उलटला. तिर्री. मला वाटलं होतं, आता त्यांचे डोळे उघडतील. ते उठले आणि माझे दोन्ही हात धरले.

"तुझ्याशीही बोलते ती!"

"नाही हो, आइता. मी मोजलं."

"मला वाटलंच होतं! तू तिचीच पोर. आणखी काय म्हणाली? माझ्याबद्दल काही म्हणाली का?"

इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी ती गेल्यापासून पाहिला नव्हता. तिथेच गप्प बसावं असं फार वाटलं. पण घराचे कागद टेबलावर पडले होते.

"बसा," मी म्हटलं. "आता तुम्ही मोजायचं. मेंढ्यांच्या वाड्याचं फाटक आहे असं समजा. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा पत्ता आला की एक मेंढी आत. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का आला की एक बाहेर. सत्ती, अठ्ठी, नव्वी ही मधली म्हणजे कुत्री, मोजायची नाहीत."

"मेंढ्या काय मला शिकवतेस?"

"आत जाणाऱ्या वीस, बाहेर येणाऱ्याही वीस. पूर्ण कॅट संपला की वाडा रिकामा. आता एक पत्ता लपवा, न बघता, आणि मोजा."

पहिल्यांदा चुकले. चिडले. पुन्हा पिसले. मग मात्र त्यांची नजर माळावरच्यासारखी स्थिर झाली, ओठ नुसते हलत राहिले. पत्ते संपले.

"एक आत उरली," ते म्हणाले.

"मग जी बाहेर यायची राहिली, ती कुठाय?"

त्यांनी कपाखाली लपवलेल्या पत्त्याकडे पाहिलं. "मोठं," ते हळूच म्हणाले. पत्ता उलटला. किलवरचा राजा.

मी आणखी सांगू लागले. लहान पत्ते निघून गेले की कॅटमध्ये मोठे जास्त उरतात, तेव्हा खेळणाऱ्याचं पारडं किंचित जड होतं. लायल तेव्हाच खांद्यावर हात ठेवतो. त्याला कॅसिनोत कुणी खेळू देत नसणार, म्हणून मोजायचं त्यानं आणि पैसा लावायचा तुम्ही.

ते ऐकत नव्हते.

"म्हणजे ती एकदाही बोलली नाही?"

"नाही, आइता."

"एक शब्दसुद्धा?"

मी मान हलवली. त्यांनी पत्ते गोळा केले, कडा नीट जुळवल्या आणि तोंड झाकून घेतलं. अंत्यविधीच्या दिवशी ते रडले नव्हते. त्या दिवशी रडले.

रविवारी ते स्वतःहून स्टेजवर गेले.

"या, गानिशकाका! कातालिन केव्हाची वाट बघतेय!"

"पत्ता मी काढतो. बाकीचे तू बघायचे नाहीस. पाठ कर."

"काका, निरोप दिल्याशिवाय…"

"निरोप मी देतो. बायको माझी आहे. पाठ कर."

हॉलमधले लोक पुढे सरकून बसले. लायलला पाठ करावीच लागली. "लहान," तो म्हणाला. निघाली दश्शी.

"पुन्हा."

"मोठं." निघाला एक्का. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. "बघा!" लायल ओरडला.

"तीन शब्दांत एखादा लागायचाच. पुन्हा."

चुकलं. पुन्हा चुकलं. "शंका!" लायल कपाळ पुसत म्हणाला. "हॉलमध्ये शंकेचा वास येतोय!"

मग वडिलांनी ओडेगार्डबाईंना एक पत्ता काढायला लावला, बाकीचे सावकाश मोजले आणि म्हणाले, "मधलं." बरोबर आलं. दुसऱ्या एकाला काढायला लावला, तेही बरोबर. "मला कुणी काही सांगितलं नाही, लोकहो. मेंढ्या मोजतात तसे पत्ते मोजले. हाही तेच करतो."

लायल मागच्या दारानं केव्हा सटकला कळलंही नाही. कारण सगळे ओडेगार्डबाईंकडे बघत होते.

"काय मिळालं तुला हे करून?" त्या वडिलांच्या अंगावर धावून गेल्या. "दर रविवारी माझी मुलगी एक शब्द बोलायची. एक शब्द, गानिश!"

"माझीही बोलायची," वडील म्हणाले.

दोघं तिथेच स्टेजच्या पायरीवर बसले. हॉल रिकामा झाला तरी बसून होते.

घर वाचलं. पण वडिलांनी पुढे कित्येक दिवस दाढी केली नाही, माझ्याशी धड बोललेही नाहीत. मी रोज शाळा सुटल्यावर जात राहिले. काही संध्याकाळी ओडेगार्डबाईही येऊ लागल्या. सॉल्वेग लहानपणी काय काय खोड्या करायची ते सांगायच्या. एकदा वडीलही बोलले: कातालिन आधी त्यांना नाही म्हणाली होती, दोनदा. मला हे ठाऊकच नव्हतं.

लायल ओरेगॉनकडे गेल्याचं ऐकलं. त्याच्या पुढ्यात बसणारे लोक मूर्ख नव्हते. माझे वडील तर मुळीच नव्हते. दुःखानं माणसाची अक्कल जात नाही, फक्त तपासून बघायची इच्छा जाते. म्हणून तपासायचं काम जवळच्यांनी करायचं. मेलेल्यांचा निरोप आणतो म्हणणारा भेटला, तर त्याला पाठ करायला सांगा. आणि ज्याचं माणूस गेलंय, त्याच्या शेजारी जाऊन बसा. तुम्ही बसला नाहीत, तर ती खुर्ची रिकामी राहत नाही.