एकशे सव्वीस, बाण सरळ

बायकोचं मनगट मी मोडलं त्या संध्याकाळी तिने ज्यूसचं पाकीट दातांनी फोडलं. एक हात कामातून गेलेला, म्हणून दातांनी. मग माझ्याशेजारी फरशीवर बसून तिने स्ट्रॉ माझ्या तोंडात घातली आणि म्हणाली, "प्या. आधी प्या, मग बघू." मी प्यायलो. पाकीट रिकामं झाल्यावर तिने माझं तोंड पदराने पुसलं, आणि मगच तिला रडू फुटलं.

मला नवव्या वर्षापासून मधुमेह आहे. पहिल्या प्रकारचा, ज्यात शरीर इन्सुलिन बनवतच नाही. कमरेला पंप, त्यातून एक बारीक नळी पोटात गेलेली. दंडावर मोठ्या बटणाएवढा सेन्सर, आणि खिशात त्याचा मॉनिटर. दर पाच मिनिटांनी मॉनिटरवर साखरेचा आकडा येतो, आणि शेजारी एक बाण. बाण वर म्हणजे साखर चढतेय, खाली म्हणजे उतरतेय, सरळ म्हणजे सगळं ठीक. साखर सत्तरच्या फार खाली उतरली की माणूस माणसात राहत नाही. घाम फुटतो, जीभ जड होते, आणि काही जण समोरच्याच्या अंगावर धावून जातात. हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं होतं. बायकोने वहीत लिहून घेतलं होतं.

त्यात माझा राग मुळातच नाकाच्या शेंड्यावर. आई म्हणायची, "पोराच्या मनात काही नसतं, साखर बोलते त्याची." आईने हे माझ्या बायकोला लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. नवऱ्याबरोबर जणू एक वापरायची पद्धतच दिली.

पहिल्या वेळी साखर खरंच उतरली होती, हे मी शपथेवर सांगतो. लग्नाचं दुसरं वर्ष. साखर बेचाळीस. मी कपाटाची काच फोडली, बायकोला भिंतीवर ढकललं, आणि मला त्यातलं काही म्हणता काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा तिचं बोट माझ्या तोंडात होतं आणि ती हिरड्यांना मध चोळत होती. तिच्या कपाळातून रक्त येत होतं. मी रडलो, माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही कुठे होतात तिथे? तुम्ही नव्हतातच."

हे वाक्य मी विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वेळी ती बहिणीकडे आठवडाभर राहायला जाते म्हणाली, मी नको म्हणालो, शब्दाला शब्द वाढला आणि मी तिच्या कानशिलात मारली. या वेळी मी तिथेच होतो. पुरता होतो. तिच्या गालावर बोटं उठलेली दिसली, ती दाराकडे सरकताना दिसली, आणि मी काय केलं? मी खुर्चीवर बसलो, मान टाकली आणि डोळे फिरवले. दाराकडे निघालेली बाई धावत ज्यूस घेऊन आली.

तिथून पुढे ते सोपंच होतं. ती मॉनिटर मागायची, मी खिशावर हात ठेवायचो. "त्या डबड्याला काय कळतंय? ते पंधरा मिनिटं मागे चालतं." सेन्सर मागे चालतो हे खरं आहे. अर्धं खोटं लवकर पचतं.

तिने मग सगळा राग त्या डबड्यावर काढला. कुठेतरी वाचलं की नव्या पंपांना नळी नसते, नवा सेन्सर पंपाशी बोलतो आणि साखर उतरायला लागली की पंप आपणहून इन्सुलिन थांबवतो. झालं. चौदा महिने ती विम्याच्या ऑफिसात खेटे घालत होती. अर्ज, डॉक्टरांची पत्रं, पुन्हा अर्ज. ती पडदे शिवते. शिलाई मशीनवर डाव्या बाजूला कापड आणि उजव्या बाजूला माझी फाइल असायची. हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा तिने डाव्या हाताने सह्या केल्या. "नवा पंप आला की हे सगळं थांबेल बघा," असं ती मला म्हणायची. मला! आणि मी मान डोलवायचो.

आता त्या मनगटाच्या दिवसाबद्दल. मी मांस कापायच्या कारखान्यात आहे. थंडगार लांब खोली, वर रुळावरून हुकांना लटकलेली धडं सरकत येतात, आणि आम्ही अकरा जण ओळीने उभे राहून हाडापासून मांस सोडवतो. डाव्या हातात स्टीलच्या जाळीचा मोजा, उजव्या हातात सुरा. माझ्या शेजारी उभा असतो त्याला सगळे घोरपड म्हणतात, कारण कशालाही चिकटला की सुटत नाही. त्या नऊ तारखेला त्याने गंमत म्हणून माझ्या सदऱ्याखालून बाहेर आलेली नळी हुकाला अडकवली. धड पुढे सरकलं. पोटातली सुई चामडीसकट उपटली गेली. पांढऱ्या कोटावर रक्ताचा हा एवढा डाग. घोरपड हसला, त्याचं बघून बाकीचे हसले. मुकादम लांबून ओरडला, "रक्त कुणाचंय ते बघा रे, आपलं की मालाचं?" पुन्हा हशा.

मी घोरपडीकडे वळलो. सुरा हातात होता, आणि घोरपडीच्याही हातात होता. मी हात धुतले, नवी सुई टोचली आणि सुट्टी होईपर्यंत अकरा धडं सोडवली.

घरी आलो तर दारात पडद्याच्या कापडाचा ढीग. मी म्हणालो उचल. ती म्हणाली, "दोन मिनिटं, ही शिवण संपू दे." वड्याचं तेल वांग्यावर. मी तिचा हात मशीनवरून ओढला, पिरगाळला, ती ओरडली तरी पिरगाळत राहिलो. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मग मी फरशीवर बसलो. जिना उतरून दवाखान्यात जाण्याआधी तिने मला ज्यूस पाजला. हाडाच्या डॉक्टरला तिने सांगितलं, जिन्यावरून पडले.

नवा पंप अखेर मंजूर झाला आणि आम्ही दोघं मधुमेहाच्या दवाखान्यात गेलो. तिने ठेवणीतली साडी नेसली होती. तिथली सिस्टर गोलमटोल, बोलघेवडी, चष्मा केसांत खोचून मग तोच शोधणारी. "जुन्याला निरोप द्यायचाय ना? मग आधी त्याचं पोट रिकामं करू," असं म्हणून तिने माझ्याकडून पंप आणि मॉनिटर घेतला आणि कॉम्प्युटरला जोडला. बदलताना जुन्यातली सगळी नोंद काढून घेतात, त्यावरून नव्याची मापं ठरवतात. हे मला माहीत होतं. दोनदा पंप बदललाय मी आयुष्यात. पण तेव्हा लपवायला काही नव्हतं, म्हणून डोक्यात आलंच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पडद्यावर तीन महिन्यांची रेघ उमटली.

"वा! उतरलेली साखर जवळजवळ नाहीच," सिस्टर म्हणाली. "कामाच्या वेळेत तर सोन्यासारखी. पण हे पाच सुळके कसले हो? बघा ना, एकशे वीस-तीस, बाण सरळ, छान चाललंय, आणि एकदम पावणेतीनशे. काही खाल्लं-प्यायलं असं पंपाला सांगितलेलं नाही. चोरून काय पिता?"

ती हसली. मी पण हसलो. बायको नाही हसली. ती खुर्ची घेऊन पडद्याजवळ सरकली.

"सिस्टर, तारखा दिसतात?"

"तारखाच काय, मिनिटं दिसतात."

"दोन महिन्यांपूर्वीची नऊ तारीख. संध्याकाळी सव्वासात."

सिस्टरने चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर घेतला. "सव्वासात... एकशे सव्वीस. बाण सरळ. मग साडेसातपासून चढायला लागली."

"साडेसातला मी ज्यूस पाजला," बायको म्हणाली. "त्याच्या आधीच्या महिन्यातला शेवटचा रविवार. दुपारी, जेवणानंतर."

"एकशे एकोणचाळीस. सरळ."

तिने पाचही तारखा सांगितल्या. कागद नाही, बोटं मोजणं नाही. तिसऱ्या तारखेला सिस्टरचं हसू आटलं. तिने बायकोच्या उजव्या मनगटाकडे बघितलं. प्लास्टर निघालं होतं तिथली कातडी अजून फिकी होती.

"तो सेन्सर खोटं दाखवायचा," मी म्हणालो. "म्हणून तर बदलतोय."

"बोटाच्या रक्ताचे आकडे पण आहेत की यात तुमचे," सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाली. "ताडून बघितले मी. पाच-दहाचा फरक आहे. खोटं नाही दाखवत तो." मग बायकोला हळूच म्हणाली, "यांना बाहेर बसवू का जरा? आपण बोलू."

"नको," बायको म्हणाली. "पंप बसवा. चौदा महिने खपलेय मी त्याच्यासाठी."

पंप बसवला. दंडावर एक चपटी डबी, नळी नाही, अडकायला काही नाही. दुसऱ्या दंडावर नवा सेन्सर. आकडे आता माझ्या फोनवर. सिस्टरने विचारलं, हे आकडे आणि धोक्याची सूचना घरच्या आणखी कुणाच्या फोनवर जायला हवी? दोघींनी एकमेकींकडे बघितलं. बायकोने आपला फोन पुढे केला. सिस्टरने एका चिठ्ठीवर नंबर लिहून तिच्या हातात दिला. तो कशाचा, हे मला विचारायची हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर तिने चप्पल काढली नाही. स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून उभी राहिली.

"कामावर कशी उतरत नाही हो साखर?"

"काय?"

"घोरपडीने नळी उपटली, सगळे हसले. तुम्हीच सांगितलंत मला, रडत रडत. तेव्हा नाही उतरली. तिथे सगळ्यांच्या हातात सुरे असतात, म्हणून?"

मला लाज वाटली असं लिहिलं तर बरं दिसेल. लाज नंतर आली. तेव्हा फक्त राग होता, डोक्याच्या टोकापर्यंत, आणि मी पूर्ण शुद्धीवर होतो. मी दार लोटलं. टेबल मध्ये होतं ते लाथेने बाजूला केलं, तिची कात्री आणि रिळं फरशीवर सांडली. मी तिचे केस धरले.

तिने हात वर केला. मारायला नाही, अडवायलाही नाही. तिच्या हातात फोन होता आणि तिने तो माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"एकशे एकतीस," ती म्हणाली. "बाण सरळ. मार आता."

अकरा वर्षांत ती मला कधी अरे-तुरे करून बोलली नव्हती.

मी थांबलो असतो तर ही गोष्ट वेगळी झाली असती. मी मारलं. मूठ वळून, तोंडावर. तिचं डोकं ओट्याच्या कडेला आपटलं आणि खालचा ओठ फाटला. मग सवयीने माझे गुडघे वाकले. मी फरशीवर बसलो, पाठ कपाटाला, मान खाली. खरं सांगतो, मी वाट बघत होतो.

कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. ज्यूसची पाकिटं तिथेच असतात, खालच्या कप्प्यात. स्ट्रॉ टोचल्याचा आवाज आला. मी तोंड उघडलं.

काहीच आलं नाही. मी वर बघितलं. ती उभी होती आणि ज्यूस स्वतः पीत होती. फाटलेल्या ओठातलं रक्त स्ट्रॉवर उतरत होतं, तरी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. माझ्यावरची नजर तिने हलवली नाही. मग तिने रिकामं पाकीट धुतलं, कचऱ्यात टाकलं, फरशीवरची कात्री उचलून पिशवीत घातली, कारण ती तिची चांगली कात्री होती. सिस्टरची चिठ्ठी ब्लाउजमध्ये होतीच. दार तिने आपटलं नाही.

तिची पावलं जिन्यावरून खाली गेली. मी ओरडलो, "माझी साखर उतरतेय!" पावलं थांबली नाहीत. खालचं दार वाजलं.

मग माझा फोन वाजला. पंप नवीन असल्यामुळे मला त्याच्या सूचनेचा आवाज ओळखू आला नाही. पडद्यावर लिहिलं होतं: तुमची साखर आता दुसरं कुणीही पाहत नाही. त्याच्या खाली आकडा होता. एकशे अठ्ठावीस, बाण सरळ.