म्हशीकडची पथारी

म्हाळूनं मागच्या माणसाला पुढं जाऊ दिलं. हे तिसऱ्यांदा. दुष्काळात दूध सोसायटीनं चौसाळ्याच्या माळावर जनावरांची छावणी उघडली होती आणि आज तिथं डॉक्टरीणबाई माणसं तपासायला आल्या होत्या. आभाळ नुसतं दाटून राहिलेलं; पाऊस नाही, पण अंगाला घामाच्या धारा. शेवटी रांगेत तो एकटाच उरला.

“काय होतंय, बाबा?”

“कमरंला लई खाज सुटती. लुगड्याची गाठ येती ना, तिथं.”

“लुगडं कोण नेसतं?”

म्हाळू खाली बघत राहिला. “कारभारीण. ती येत न्हाई. लाजती.”

बाई हसल्या नाहीत. पिशवी उचलून त्याच्यामागं दावणीपाशी गेल्या. कडूबाईनं नवऱ्यावर डोळे वटारले, पण बाईंना नाही म्हणवलं नाही. म्हाळू पोत्याचा आडोसा धरून पाठमोरा उभा राहिला.

“नायटा आहे. दुकानातली ट्यूब लावलीत?”

“लावली की,” कडूबाई म्हणाली. “चार दिस गेला, मग दुप्पट आला.”

“ती फेकून द्या. आणि ओलं लुगडं नेसू नका.”

“टँकर आठ दिसांनी येतो, बाई, तवा समदं एकदम धुते. धुतलेलं या हवंत वाळतंय कुठं?”

“मग गाठ सैल ठेवा, घाम पुसून अंग कोरडं करा. ऊन पडलं की कपडे उन्हातच टाका. हे मलम दोन वेळा. डाग गेला तरी आणखी दोन आठवडे लावायचं. अंथरूण एकच आहे का दोघांचं?”

“न्हाई. ह्यांना लागंल म्हणून मी म्हशीकडं निजते.”

आडोसा हलला. गाव सोडायला लावलं म्हणून बायको रुसली, असंच म्हाळू महिनाभर धरून चालला होता.

“बाबा, तुम्हाला तर काही नाही ना?”

त्यानं पोतं खाली ठेवलं. सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सारली. दंडावर रुपयाएवढी दोन लाल कडी उठली होती.

“कवापासनं?” कडूबाईनं विचारलं.

“झाले की पंधरा दिस.”

“मंग बोलला कावून न्हाईत?”

“तू आनखी लांब गेली आसतीस.”

बाईंनी पिशवीतून दुसरी ट्यूब काढली. ती म्हाळूनं घ्यायच्या आधी कडूबाईनं घेतली आणि त्याचा दंड धरला.

“लावून झाल्यावर हात साबणानं धुवा,” बाई म्हणाल्या.

“व्हय,” कडूबाई म्हणाली. मलम केव्हाच जिरलं होतं, तरी तिचं बोट त्या कड्यांवरून फिरतच होतं.