बाराचा भोंगा

"खाणीचं विधेयक या अधिवेशनात मंजूर होऊ शकलं नाही," माझा भाऊ माइकवर म्हणाला, आणि शंभर-सव्वाशे माणसांनी भरलेल्या त्या हॉलमध्ये पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली. मग मागच्या रांगेतून एक लोखंडी खुर्ची उडत आली आणि त्याच्या खांद्यावर बसली. दुसरी कपाळावर. तोवर बिचारा छान बोलत होता. अर्थसंकल्पात आपल्या भागाला काय मिळालं, दवाखान्याला एक्स-रे मशीन कधी येणार, बाजारामागचं गटार कोणाच्या नावाने रखडलंय, सगळं सांगून झालं होतं. लोक माना डोलवत होते. एकाने तर टाळीही वाजवली होती.

माझा भाऊ आमदार आहे. जगासाठी आमदारसाहेब, माझ्यासाठी बाळ्या. मी त्याची थोरली बहीण. तीस वर्षं शाळेत पोरांना बडवलं, निवृत्त झाले आणि त्याच्या ऑफिसात येऊन बसले. दर महिन्याला मतदारसंघात घरोघर जातं ते 'आमदारांचं पत्र' मी लिहिते. सही त्याची, अक्षर न् अक्षर माझं. अकरा वर्षांत एक चूक नाही. हे मी कोणालाही नाक वर करून सांगायचे, आणि कोणी ऐकलं नाही तर परत सांगायचे.

आता त्या पत्राची पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. छापखान्याला मजकूर आठ दिवस आधी लागतो. अधिवेशन काही छापखान्याचं तोंड बघून चालत नाही. मग बाळ्या राजधानीतून फोन करायचा, "ताई, लिही. झालं समज." आणि मी लिहायचे, झालं. ज्याचं मतदान उद्या, ते कालच मंजूर झाल्यासारखं. दर वेळी तसंच व्हायचं. त्यामुळे आमच्या घरात 'झालं समज' आणि 'झालं' यांत फरकच उरला नव्हता.

या वेळी मी लिहिलं, 'वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत सुरुंग लावण्यास बंदी करणारे विधेयक मंजूर झाले असून पहिल्या तारखेपासून त्याची अंमलबजावणी होत आहे.' पत्र छापून झालं आणि त्याच सकाळी बाळ्याचा फोन. गोंधळ झाला, सभागृह तहकूब, विधेयक पुढच्या अधिवेशनात. "ताई, पत्र थांबव हं." मी म्हटलं, "थांबवते." फोन ठेवला तेव्हा गठ्ठे घेऊन माणसं निम्म्या गल्ल्यांत पोचली होती. मी छापखान्यात गेले. छापखानेवाला म्हणाला, "बाई, परत बोलावू का सगळ्यांना? एक चिठ्ठी छापू का दुरुस्तीची?" दुरुस्तीची चिठ्ठी! माझ्या पत्राला! माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "राहू दे. दोन-तीन महिने इकडेतिकडे. कोण मरणार आहे?"

असं म्हणाले मी. याच तोंडाने.

आमच्याकडे खाणीवर रोज बाराला सुरुंग उडतात. आधी भोंगा वाजतो, तीनदा, लांब. भोंगा वाजला की खाणीकडच्या गल्लीतली माणसं पोरंबाळं ओढून घरात शिरतात, आणि मग पत्र्यांवर दगड पडतात. कधी सुपारीएवढे, कधी नारळाएवढे. पहिल्या तारखेनंतरच्या मंगळवारी भोंगा वाजला तेव्हा इस्त्रीवाल्याची बायको खाणीच्या कडेच्या पायवाटेवर होती. मागून शेजारणीने हाक मारली, "अगं फीर मागे, भोंगा झाला!" ती हसली म्हणे. म्हणाली, "सवयीने वाजवत असतील. कागदावर बंद झालंय." तिला घरी आणली तेव्हा डोकं कापडात बांधावं लागलं होतं.

हे मला त्याच संध्याकाळी कळलं. बाळ्या राजधानीत होता. त्याला फोनवर एवढंच सांगितलं की खाणीपाशी अपघात झाला, एक बाई गेली. शनिवारी सकाळी तो गाडीतून उतरला आणि थेट वाचनालयाच्या हॉलमध्ये सभेला उभा राहिला. दारापासून टेबलापर्यंत वीस पावलं मी त्याच्या शेजारून चालले. वीस पावलांत पत्राचं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. भित्रट कुठली.

तर खुर्च्या. दुसरी खुर्ची कपाळावर बसली तसा बाळ्या टेबलावर कोलमडला. भुवईवरून रक्ताची धार लागली, पाण्याचा जग फुटला, माइक किंचाळायला लागला. पुढच्या रांगेतला एक जण टेबलावर चढला आणि त्याने माझं पत्र बाळ्याच्या नाकाला लावलं. "मग हे काय आहे? हे काय आहे रे भडव्या?" चारी बाजूंनी पत्रं वर झाली. दारातला हवालदार आत आला, त्याची टोपी उडाली, काठी कोणीतरी हिसकावली, आणि तीच काठी त्याच्या गुडघ्यावर बसली. आमचा ड्रायव्हर मध्ये पडला. भला माणूस, आवाज चढवून कधी बोलला नाही. त्याला दोघांनी केसांना धरून कपाटाच्या काचेवर आपटला. काच खळ्ळकन खाली आली आणि तो तोंड धरून त्या काचांतच बसला. बोटांतून दात पडले. मी मोजले नाहीत, पण एकाहून जास्त होते.

बाळ्याने ते पत्र हातात घेतलं. रक्ताने डोळा मिटत होता तरी वाचलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी भिंतीला चिकटून उभी होते. जन्मभर माझ्या जिभेला हाड नाही असं लोक म्हणत आले, आणि त्या घडीला माझी दातखीळ बसली. मला वाटलं, आता हा बोट दाखवेल. दाखव रे बाबा. सुटेन एकदाची.

तो माइककडे वळला. "सही माझी आहे," म्हणाला. "चूक माझी आहे."

बोललाच नसता तर बरं झालं असतं. लोकांना तेवढंच हवं होतं. त्याला कॉलरला धरून टेबलावरून खाली ओढला. लाथा, बुक्क्या, चपला. एक म्हातारा, ज्याच्या पेन्शनसाठी बाळ्या सहा वेळा साहेबांच्या दारात बसला होता, तो म्हातारा काठीच्या टोकाने त्याच्या बरगड्यांत ढोसत होता आणि दर वेळी "खोटारडा" म्हणत होता. बाळ्या हात डोक्यावर घेऊन मुटकुळं करून पडला होता. ओरडत नव्हता. लाथ बसली की नुसतं "हं" व्हायचं, पोटातली हवा निघाल्यासारखं.

मग गर्दी आपोआप बाजूला झाली. इस्त्रीवाला पुढे आला. हातात कापडी पिशवी होती. पिशवीतून त्याने इस्त्री काढली. कोळशाची, जुनी, पाच-सहा किलोची. आमच्या घरचे कपडे गेली वीस वर्षं तीच इस्त्री करते. तो वाकला आणि इस्त्री बाळ्याच्या हातावर हाणली. डोक्यावर घेतलेल्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. आता मात्र बाळ्या ओरडला. इस्त्रीवाल्याने परत हाणली, या वेळी जबड्यावर, आणि ओरडणंही बंद झालं. मग त्याने बाळ्याच्या छातीवर पाय ठेवला आणि इस्त्री दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. इतका वेळ चिडले होते ते लोक आता घाबरले. कोणीतरी म्हणालं, "अरे, मरेल तो." पुढे कोणी झालं नाही.

"मी लिहिलं!"

माझाच आवाज. शाळेतला, मैदानाच्या त्या टोकाला पोचायचा तो. "मी लिहिलं ते! त्याने थांबव सांगितलं होतं. मी थांबवलं नाही. त्याला सोड. मला मार. माझ्या डोक्यात घाल ती!"

इस्त्री वरच थांबली. इस्त्रीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "बाई?" म्हणाला. "तुम्ही?"

का विचारलं ते मला ठाऊक होतं. मंगळवारी साडेबाराला वाचनालयात मी मोठ्या बायकांचा वर्ग घेते. त्याची बायको दोन वर्षं येत होती. पहिल्या दिवशी पेन्सिल मुठीत धरली होती तिने. त्याआधीच्या महिन्याचं आमदारांचं पत्र तिने अख्ख्या गल्लीला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मला सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. वर्गात मी घसा फोडून सांगायचे, "ऐकीव सोडा गं. कानावर येईल ते खरं मानू नका. छापलेलं वाचा, स्वतः वाचा." भोंगा कानावर आला होता. माझं पत्र छापलेलं होतं.

पाय बाळ्याच्या छातीवरच ठेवून त्याने एक हात खिशात घातला आणि घडी केलेला कागद माझ्याकडे टाकला. "वाचा."

"अरे, आधी ॲम्ब्युलन्स..."

"वाचा बाई! नाहीतर घालतो!" इस्त्री हलली.

मी कागद उचलला. घडीच्या कडेला तपकिरी डाग होते. मी वाचायला लागले. दवाखान्याचं मशीन वाचलं, गटार वाचलं. बाळ्याच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते आणि मी गटाराच्या पाइपांची लांबी वाचत होते. मग ते वाक्य आलं. 'विधेयक मंजूर झाले असून पहिल्या तारखेपासून त्याची...' पुढच्या शब्दाखाली पेन्सिलची रेघ होती. सरळ, पट्टी लावून ओढलेली. मीच शिकवलं होतं. अडला शब्द, तर अंदाज बांधायचा नाही. खाली रेघ मारायची आणि मला येऊन विचारायचं.

"तो शब्द काय आहे?" इस्त्रीवाला म्हणाला. "मलाही येत नाही. सकाळपासून म्हणत होती, बाईंना विचारते. गिऱ्हाइकांच्या शर्टांत मला मदत करत बसली म्हणून घरातून उशिरा निघाली. वर्ग चुकू नये म्हणून खाणीकडून, जवळच्या वाटेने गेली. तुमच्याकडेच येत होती ती. तो शब्द काय आहे?"

"अंमलबजावणी," मी म्हणाले.

"म्हणजे?"

ड्रायव्हरचं कण्हणं तेवढं ऐकू येत होतं. तीस वर्षं मी शब्दांचे अर्थ सांगितलेत, असा एकही जड गेला नव्हता.

"म्हणजे... जे ठरलं, ते खरोखर करणं."

तो थोडा वेळ मान हलवत राहिला, समजल्यासारखी. आणि बाराचा भोंगा झाला. तीनदा, लांब. सगळ्यांनी खिडक्यांकडे पाहिलं. बायकांनी सवयीने डोक्यावर हात घेतले. मग जमीन हादरली, उरलेल्या काचा वाजल्या, आणि लांब कुठेतरी पत्र्यांवर दगड पडल्याचा आवाज आला.

इस्त्रीवाल्याने छातीवरचा पाय काढला. इस्त्री टेबलावर, लोकांनी टाकलेल्या माझ्या पत्रांवर उभी ठेवली, दुकानात ठेवतो तशी. मग खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून हंबरडा फोडला.

मी बाळ्याचं डोकं मांडीवर घेतलं. पदर दाबून धरला तरी रक्त थांबत नव्हतं. एक डोळा पार मिटला होता. दुसऱ्याने त्याने मला शोधलं आणि मोडक्या जबड्यातून काहीतरी म्हणाला. मी कान खाली नेला.

"ताई, थांबवते म्हणाली होतीस ना गं?"

"हो रे," मी म्हणाले. "म्हणाले होते."