भडगावचं कार्ड

पत्रं ओवायच्या तारेचं टोक आज कागदातून सरळ जाईना – पुण्याच्या नाटककाराचं पत्र जाड, चार घड्यांचं, आणि नेमकं घडीवरच टोक अडलेलं. अभिमनरावांनी जोर केला तेव्हा तार कागदातून गेली आणि अंगठ्यालाही लागली. अंगठा तोंडात धरून ते त्या लटकत्या पत्रांकडे पाहत राहिले. भुसावळचा पडदेवाला – राजवाड्याचा पडदा अजून ओला आहे म्हणणारा. जळगावचा थिएटरवाला – दसऱ्याला नवं नाटक आधी आमच्याकडेच लावा म्हणणारा. नाटककार तर दर पत्रात एक पद कमी करतो आणि दोन वाढवतो. सगळ्यांना उत्तरं आपणच लिहायची, आपल्या हातानं, आणि प्रत्येकाची नक्कल वहीत उतरवून ठेवायची. नाटक मंडळीचा मालक की मामलेदार कचेरीतला कारकून, असं लोक हसतात. हसोत बापडे. स्टेजवर बोललेलं विरून जातं, निदान लिहिलेलं तरी राहावं…

आणि जे राहायला हवं होतं ते सकाळीच पांझरेत गेलं.

सुकदेव आचाऱ्यानं दुपारी जेवणं झाल्यावर सांगितलं, पत्रावळी उचलता उचलता, त्यांच्याकडे न बघता. "मालक, भडगावतून कारड उनं व्हतं. जीवरामभाऊ गयात. शुक्रवारले."

"कार्ड कुठं आहे?"

"फाडी टाकं. आज घरमा नव्या नाटकना नारळ फोडाना व्हता ना? आसा कागद घरमा कसा ठेवू? नदीमा सोडी उनू."

"काय लिहिलं होतं त्यात?"

"माले कोठे वाचता येस? पोस्टमननी वरन्या दोन ओळी वाच्यात. खाले आखो बरंच लिखेल व्हतं… पन आसा कागद कोन पुरा वाचस, मालक?"

खरंच होतं. कोण वाचतो? वडील गेल्याचं पत्र मी तरी कुठं पुरतं वाचलं होतं? उंबऱ्याबाहेर उभं राहून पहिली ओळ वाचली, तिथंच फाडलं, हातपाय धुऊन आत आलो. सुकदेवनं रीतीला धरूनच केलं होतं, आणि मुहूर्ताच्या तोंडावर मालकाचं मन मोडू नये म्हणून दुपारपर्यंत तोंडही मिटून ठेवलं होतं. त्याच्यावर चिडायला काही कारण नव्हतं, म्हणून अभिमनराव जास्तच चिडले होते.

जीवराम. चौदा वर्षं मंडळीची नायिका. मी नायक, तो नायिका. खानदेशातल्या बायका त्याच्यासारखा पदर घ्यायला शिकल्या. आणि सात वर्षांपूर्वी जळगावच्या मुक्कामात, रंगपटात, सगळ्यांच्या देखत मी म्हणालो – तुझा आवाज गेला, जीवराम, लोक हसायला लागलेत. त्याच्या खोकल्याला तेव्हा तीन महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दागिन्यांची पेटी आणून समोर ठेवली आणि म्हणाला, "नथ तेवढी सोनाराकडे दुरुस्तीला आहे, भाऊ, आठवणीनं आणवा." एवढंच. मग भडगाव.

वही उघडून त्यांनी मागच्या सोमवारी जीवरामला लिहिलेल्या पत्राची नक्कल पुन्हा वाचली. 'नवे नाटकात आईची भूमिका फार चांगली आहे. ती आपणच करावी अशी इच्छा. येणे करावे.' हे पत्र आधी वहीतच लिहून पाहिलेलं, म्हणून मध्ये एक ओळ खोडलेली – 'त्या दिवशी मी बोललो त्याबद्दल' – आणि पुढं नुसती शाई. पाठवलेल्या पत्रात तेवढीही नव्हती. मालकानं एवढं वाकायचं म्हणजे… असं काहीतरी तेव्हा वाटलं होतं. सोमवारी टाकलेलं पत्र बुधवारी पोचणार. तो गेला शुक्रवारी. मधे दोन दिवस होते. दोन दिवसांत एक पत्र सहज वाचून होतं.

पाचला तालीम सुरू झाली. आईच्या जागी दुसऱ्या कुणाला उभं करायचा धीर होईना, म्हणून ते रिकाम्या जागेकडे तोंड करूनच आपली वाक्यं म्हणत राहिले, आणि दर वाक्यानंतर आईचं उत्तर त्यांना स्पष्ट ऐकू येत होतं – जीवरामच्या आवाजात. पण तो आवाज अठरा वर्षांच्या नायिकेचा होता. त्याचा स्वतःचा आवाज? चहा मागतानाचा, पेटीवाल्याशी भांडतानाचा, पाठीला पाठ लावून बैलगाडीत झोपताना 'सरका की भाऊ' म्हणायचा तो…? आठवेना. कितीही ताण दिला तरी आठवेना. चौदा वर्षं एका पंगतीला बसलो आणि माझ्याजवळ राहिलं ते प्रेक्षकांसाठी होतं तेवढंच. फार एकटं वाटलं त्यांना. तालीम त्यांनी मधेच थांबवली.

खोलीत येऊन जीवरामच्या बायकोला लिहायला बोरू शाईत बुडवला. सौ. … नाही, सौभाग्यवती आता कुठली! गंगाभागीरथी वच्छलाबाई यांस. पुढं काय? तुम्ही नवऱ्याच्या मरणाचं कार्ड लिहिलंत, ते आमच्याकडून फाटलं, तर तेच पुन्हा एकदा लिहा? त्याऐवजी कार्डातल्या त्या खालच्या ओळी ते स्वतःच मनात लिहू लागले. 'आपले पत्र वाचून दाखविले, फार समाधान पावले.' छान. की – 'आपले पत्र हाती दिले, उघडले नाही.' हेही तितकंच छान बसत होतं.

दिवेलागणीला सुकदेव कंदील घेऊन आला आणि टांगून झाल्यावरही तिथंच घुटमळला. दिवसभराचं ओझं त्याच्याही मनावर असावं.

"मालक, पोस्टमनले सकाय इचारू का? मोठ्यानी दोनच ओळी वाच्यात त्यानी, पन डोया खालपावत फिरनात. त्याले याद व्हई."

"नको."

शब्द इतका चटकन आला की सुकदेव दचकला. अभिमनरावही दचकले. दिवसभर ज्या ओळींसाठी जीव तळमळत होता, त्या उद्या सकाळी नऊ वाजता खाकी कोट घालून दाराशी येणार होत्या, आणि मला त्या नको होत्या. फाटलं ते बरंच झालं… हो, असंच मनात आलं.

"तसं नही मालक," सुकदेव हळूच म्हणाला, "त्यासले काय दुखनं व्हतं, तेवढं तरी समजी."

अभिमनरावांनी बोरू खाली ठेवला. दुपारपासून मी त्या कार्डात फक्त माझंच नाव शोधत होतो. जीवराम कशानं गेला, त्याला फार त्रास झाला का, जवळ कोण होतं – यातलं एकही अक्षर मी विचारलं नव्हतं. आणि या आचाऱ्याला मात्र तेवढंच हवं होतं. सुकदेव अजून दारात, उत्तराची वाट बघत उभा होता.