जहाजावरच्या न्हाव्याचे मशीन

मित्रांनो, मी एक जुने, हाताने चालवायचे केस कापायचे मशीन आहे. आज माझे दोन दात पडले आहेत आणि मूठ घासून गुळगुळीत झाली आहे. पण एके काळी मी एका मोठ्या प्रवासी जहाजावर नोकरीला होते.

माझा मालक त्या जहाजावरचा न्हावी. शिडशिडीत, उंच आणि भलताच बोलघेवडा. जहाज कितीही डोलले तरी त्याचा हात ढळत नसे. "तुम्ही फक्त हलू नका, समुद्राचं मी बघतो," असे तो गिऱ्हाइकाला बजावी. व्यापारी, गवई, नवे नवरदेव, सगळ्यांची डोकी माझ्याखालून गेली.

मग युद्ध सुरू झाले. पांढऱ्या जहाजाला राखाडी रंग फासला गेला. गालिचे गुंडाळले गेले आणि प्रवाशांच्या जागी सैनिक आले. आता सगळ्यांना एकच कट, अगदी बारीक. कित्येकांना धड मिसरूडही फुटले नव्हते. मालकाची बडबड हळूहळू आटली. मी मात्र दिवसभर चालत होते. शेवटी माझी स्प्रिंग तुटली.

सुट्टीवर घरी आल्यावर मालकाने मला धारवाल्याकडे दुरुस्तीला दिले. काम होण्याआधीच जहाजाचे बोलावणे आले. "राहू दे इथंच. आल्यावर नेतो," एवढे म्हणून तो गेला.

ते जहाज शत्रूने भर समुद्रात बुडवले. कंपनीचा माणूस घरी आला आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, "बाई, ते सापडले नाहीत. हरवले, असंच धरायचं."

"हरवायला तो काय छत्री आहे?" मालकाची बायको म्हणाली आणि तिने दार लावून घेतले.

हे सारे मला धारवाल्याच्या दुकानात ऐकायला मिळाले. पुढे नवी स्प्रिंग बसवून, फडक्यात गुंडाळून त्यानेच मला घरी पोचवले. बाईने माझे फडके सोडलेसुद्धा नाही. तसेच खणात ठेवले.

खणात मला गंज चढू लागला. बाहेरचे बोलणे तेवढे ऐकू येई. मालकाच्या वडिलांचे केस नेहमी मुलगाच कापायचा. आता ते दुसऱ्या कोणाला डोक्याला हात लावू देईनात. "माझा न्हावी घरचा आहे. येईल तेव्हा कापेल," असे ते ठणकावून सांगत. केस कानांवरून खांद्यांवर आले. शेजारीपाजारी हसू लागले. सून त्यांना एका शब्दाने टोकत नसे. ते केस वाढत होते तोवर तिलाही तो येईल असे वाटे.

युद्ध संपले. ज्यांची माणसे परतायची होती, त्यांची परतली. एका सकाळी म्हातारबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, मानेला फार उकडतं गं."

हात पुसून तिने खण उघडला, मला रॉकेलने घासले, तेल सोडले.

"बाबा, मला येत नाही हं. वेडंवाकडं होईल."

"होऊ दे. या वयात मला कोण बघायला येणार आहे!"

मी चालले, पण अडखळत. पांढऱ्या केसांच्या बटा फरशीवर पडू लागल्या. म्हातारबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"मशीन ओढतंय का, बाबा?"

"हो. मशीनच ओढतंय."

तिने थांबून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग उरलेले केस कापले.

त्यानंतर तिने मला खणात टाकले नाही. आळीतल्या पोरांची डोकी ती करू लागली आणि हात बसला, तसे मोठेही येऊ लागले.

मित्रांनो, मी त्या दिवशी खरोखरच ओढत होते. म्हणून सांगते, गेलेल्या माणसाचे अवजार नुसते जपून ठेवू नका. त्याला तेल द्या, कामाला लावा. गंजलेले मशीन दुखवते, आणि ज्याला दुखते तो बिचारा मान खाली घालून गप्प बसतो.